गुणवत्ता मोजावयाची ती दवाखान्याच्या दारात

'गुणवत्ता' या शब्दाचा आमच्या समाजावर जितका मारा झाला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाचा झाला असेल. 1981 साली अहमदाबादच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर जागांच्या आरक्षणाविरुद्ध जे आंदोलन भडकले ते याच शब्दाच्या नावाने. 1990 च्या ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली तेव्हा भावी डॉक्टर आणि भावी अभियंते हातात झाडू व बूटपॉलिशचे ब्रश घेऊन चौकाचौकांत बसले. आमच्या वाडवडिलांच्या माथी पिढ्यान्पिढ्या मारलेली कामे ही त्यांच्या लेखी मानहानीची परिसीमा होती, हे त्यांनी न बोलता सांगून टाकले. आम्ही त्या काळी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. कोट्यातून आलेला डॉक्टर रुग्णांचे जीव घेणार, हे भाकीत आम्ही समोरून ऐकले आणि पाठीमागूनही ऐकले. ज्या परीक्षा त्यांनी दिल्या त्याच आम्ही दिल्या, तेच परीक्षक, तीच उत्तीर्णतेची रेषा. परंतु गुणवत्तेचा पुकारा करणाऱ्यांना परीक्षेत स्वारस्य नव्हतेच, त्यांचे सारे लक्ष प्रवेशद्वारावर होते.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. गुणवत्ता नेमकी कोठे मोजावयाची? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेत एकदाच मोजावयाची, आणि पुढे चाळीस वर्षे त्याच्या दवाखान्यात कोणी पाऊल टाकून पाहावयाचेच नाही? त्याची सुई उकळलेली आहे काय, त्याच्या कपाटातील लस जिवंत आहे काय, त्याने लिहिलेले औषध शास्त्राला धरून आहे काय, हे कोणी विचारले की तो व्यवसायाचा अपमान? महाराष्ट्रात 1980 च्या दशकात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांची दारे पैशाने उघडू लागली तेव्हा गुणवत्तेच्या कैवाऱ्यांनी झाडू हाती घेतल्याचे आमच्या स्मरणात नाही. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येऊ नये म्हणून तर इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि 13 नोव्हेंबर 1995 रोजी हरली. प्रवेशद्वारावर कडक आणि दवाखान्याच्या दारात मवाळ, अशी ही गुणवत्ता आहे.

आता आपण ज्या देशात राहतो त्याकडे पाहू. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, परंतु नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकापासून कित्येक वर्षे वैद्यकीय शिक्षणाच्या जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या जात. शालान्त परीक्षेत अधिक गुण असणाऱ्याच्या नावाला अधिक वजन मिळे, पण अखेर निकाल सोडतीचा. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली. 1996 साली अत्युच्च गुण मिळविलेली एक विद्यार्थिनी वारंवार सोडतीत हरली तेव्हा देशभर वादंग माजले आणि पुढे उत्तम गुण असणाऱ्यांना थेट प्रवेश देण्यात आला. 2017 साली सोडत बंद झाली, तर 2023 पासून विद्यापीठांना ती पुन्हा वापरण्याची मुभा मिळाली. इतकी वर्षे चिठ्ठीतून निघालेल्या डॉक्टरांनी हा देश चालविला आणि येथील माणसे काही पटापट मेली नाहीत. याचे कारण उघड आहे. येथे गुणवत्तेचा पहारा प्रवेशद्वाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दवाखान्यात बसविलेला आहे.

आम्स्टरडॅम स्लोटरडाइक हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना आगगाडी बदलण्याचे स्थानक म्हणून परिचित आहे. खालून एक लोहमार्ग, वरून दुसरा, आणि भोवती कार्यालयांचे मनोरे. गेल्या काही वर्षांत त्या कार्यालयांच्या शेजारी, काही ठिकाणी त्यांच्याच जागी, राहती घरे उभी राहिली आणि नागपूर, अमरावती, औरंगाबाद, पुणे येथून संगणक क्षेत्रात आलेली आपली तरुण कुटुंबे तेथे स्थिरावू लागली. हे कुटुंब प्रथम घर शोधते, मग बँकेचे खाते उघडते, मग चार महिन्यांच्या मुदतीत सक्तीचा आरोग्य विमा घेते. हाउसआर्ट्स म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर मात्र ते शोधते रात्री अकरा वाजता, मुलाला ताप भरल्यावर! आणि तेव्हा कळते की जवळचा दवाखाना नवे रुग्ण घेत नाही, दूरचा घेत नाही कारण तातडीच्या प्रसंगी डॉक्टरला सुमारे पंधरा मिनिटांत घरी पोहोचता आले पाहिजे असा दंडक आहे. आपले लोक यावर म्हणतात, हे पाहा यांचे नखरे. बांधवांनो, हा नखरा नव्हे. पंधरा मिनिटांचा दंडक हा आपल्या जिवासाठीच आहे. राग धरावयाचा तर डॉक्टरांच्या तुटवड्याचा धरावा.

येथील दवाखान्यात शिरल्यावर जे दिसते त्याकडे आम्ही एका डॉक्टरच्या नजरेने पाहतो, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. लसींचे शीतकपाट 2 ते 8 अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावे लागते. सुई एकदा वापरली की ती पिवळ्या बंद डब्यात जाते, पुन्हा बाहेर येत नाही. तातडीच्या दूरध्वनी क्रमांकावर 30 सेकंदांच्या आत माणसाचा आवाज आला पाहिजे, ध्वनिमुद्रित संदेश नव्हे. दूरध्वनीवर बोलणारी सहायिका "नेमके काय होते? केव्हापासून? श्वास लागतो काय?" असे विचारते तेव्हा ती चोंबडेपणा करीत नसते. कोणाला आत्ता पाहावयाचे, कोणाला उद्या आणि कोणाला घरीच सल्ला द्यावयाचा, हे ठरविण्याची शिस्तबद्ध रीत तिला शिकविलेली असते. डॉक्टरचे नाव 'बिग' नोंदवहीत असते आणि ती नोंदवही कोणीही उघडून पाहू शकतो. त्या डॉक्टरवर काही निर्बंध लादले गेले असतील तर तेही तेथे दिसतात. कुटुंब-डॉक्टरला दर पाच वर्षांनी आपली नोंदणी नव्याने मिळवावी लागते, त्यासाठी वर्षाला सरासरी 40 तास शिकत राहावे लागते. पदवी एकदा भिंतीला टांगली की आयुष्यभराची निश्चिंती, हा आपल्याकडचा प्रकार येथे चालत नाही.

या सर्वांच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. कुटुंब-डॉक्टरांची 'एन.एच.जी.' ही शास्त्रीय संस्था 1956 साली स्थापन झाली आणि 1989 साली तिने आपले पहिले मानक प्रसिद्ध केले. विषय होता मधुमेह. या रोगाच्या रुग्णाला काय विचारावयाचे, काय तपासावयाचे, कोणते औषध प्रथम, विशेषज्ञाकडे केव्हा पाठवावयाचे, हे सारे लिहून काढले गेले. त्यानंतर दम्यापासून कानदुखीपर्यंत अनेक मानके तयार झाली आणि ती कोणालाही वाचता येतात. लिहिलेले मानक म्हणजे काय? डॉक्टरच्या मर्जीला घातलेली वेसण. रुग्ण गोरा असो, काळा असो, मंत्र्याची पत्नी असो वा स्थानकावर फरशी पुसणारी बाई असो, कानदुखीचा नियम एकच. डॉक्टरला त्यापासून दूर जाता येते, पण त्याचे कारण त्याला द्यावे लागते.

मर्जीवर चालणाऱ्या वैद्यकाचे रूप पाहावयाचे असेल तर परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविलेली हकीकत पाहावी. (आपण सारेच कधी ना कधी व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेले; तरीही ही पुस्तिका आपल्या घरांतून विरळाच आढळते.) काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर त्याच्या घरी येईना. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा डॉक्टर आला, तोही रुग्णेला वस्तीबाहेर आणून ठेवण्याच्या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या लेकरासह बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो पतीच्या हाती दिला, पतीने पत्नीला लावला, आणि त्याच मार्गाने तो परत गेला. कंदिलाच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला व तो निघून गेला. औषध त्याने धाडले, पण फी मिळाल्यावरही पुन्हा पाहावयास तो आला नाही. ती माऊली गेली.

एक डॉक्टर म्हणून ही हकीकत आम्ही वाचतो तेव्हा आमच्या मनात केवळ संताप येत नाही, तपासणीची यादीही येते. नाडी पाहिली नाही, छातीला नळी लावली नाही, लेकराकडे पाहिले नाही, दुसऱ्या दिवशी विचारपूस केली नाही. त्या डॉक्टरकडे पदवी होती, आणि त्या काळच्या हिशेबाने 'गुणवत्ता'ही असेल. नव्हते ते त्याच्यावर बंधनकारक असे मानक, आणि ते मोडल्याबद्दल त्याला जाब विचारणारे कोणी.

येथेच एका गैरसमजाचा समाचार घेणे आम्हाला अगत्याचे वाटते. आपल्यापैकी कोणी भारतात रुग्णालयात राहून येतात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यांना येथील रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर त्यांना स्वतंत्र खोलीत ठेवतात, नाक-घशाचे नमुने घेतात, आणि नमुने निर्दोष ठरेपर्यंत परिचारिका अंगरखा, मुखपट्टी व हातमोजे घालून आत येतात. आपल्या एका ज्येष्ठ बांधवाने हा प्रकार 'समुद्र ओलांडूनही शिवाशिव सुटली नाही' अशा शब्दांत सांगितला आणि सभागृहात हळहळ व्यक्त झाली. ज्या समाजाने शिवाशिव भोगली त्याच्या मनावर ती खोली काय आघात करते हे आम्ही जाणतो. परंतु हे विधान असत्य आहे आणि ते पसरविणे अपायकारक आहे. औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयात शिरू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. परदेशी रुग्णालयात पाय मोडून पडलेला अस्सल डच गृहस्थ परतला तरी त्याच खोलीत जातो. आणि मुख्य फरक हा की हातमोजे घातलेला तो डॉक्टर आत येतो, छातीला नळी लावतो, पोट दाबून पाहतो, उद्या पुन्हा येतो. काठियावाडच्या डॉक्टरने माणसाला दूर ठेवले आणि रोगाला मोकाट सोडले. येथे रोगाला अडविले जाते आणि माणसाला हात लावला जातो. हे दोन्ही एका तराजूत घालणे म्हणजे आपल्या पूर्वजांच्या यातनांची किंमत कमी करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय. येथला डॉक्टर काहीच करीत नाही, पॅरासिटामोल देऊन वाटेला लावतो! आपल्या स्नेहसंमेलनात हे वाक्य उच्चारले की चहाच्या टेबलावर हशा ठरलेलाच. आम्ही या हशात सामील होत नाही. विषाणूंच्या तापाला प्रतिजैविक लागू पडत नाही, हे आम्हाला पहिल्या काही वर्षांतच शिकविले होते. आपल्याकडच्या डॉक्टरांनाही शिकविले होते. फरक एवढाच की तेथे सुई, सलाईन आणि तीन रंगांच्या गोळ्या दिल्याखेरीज रुग्ण फी देत नाही, आणि येथे कुटुंब-डॉक्टरचे उत्पन्न सुया टोचण्यावर अवलंबून नाही. प्रतिजैविकांचा वापर युरोपात सर्वांत कमी असणाऱ्या देशांत नेदरलँड्सची गणना होते. आपली सामानाची पेटी मात्र भारतातून परतताना चिवडा, मेतकूट, लोणचे आणि त्याखाली अॅझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या घेऊन येते. मुलाने दोनदा शिंकले की पट्टी उघडते. तीन दिवसांत ताप उतरतो, जो तसाही उतरणार होता, आणि श्रेय गोळीला मिळते.

या पेटीचे सूत्रधार कोण? येथे आम्हाला आमच्याच व्यवसायबंधूंकडे बोट दाखवावे लागते. 'अहो डॉक्टरसाहेब, जरा सांगा ना' म्हणून दूरध्वनी येतो आणि नागपूरला वा न्यू जर्सीला बसलेले आपले डॉक्टर, न पाहिलेल्या मुलाचे, न ऐकलेल्या छातीचे औषध सांगून मोकळे होतात. नोंद नाही, वजन विचारलेले नाही, पूर्वीची अॅलर्जी विचारलेली नाही. यामागे आपुलकी आहे हे खरे, पण हाच प्रकार एखाद्या डच डॉक्टरने केला असता तर आपण त्याला बेजबाबदार म्हटले असते. आपल्या माणसाला दुय्यम दर्जाची सेवा, केवळ ती आपल्या माणसाकडून मिळते म्हणून गोड मानावी, हे आम्हाला मान्य नाही.

देव नाकारण्याची प्रतिज्ञा घेतलेला आपला समाज डॉक्टरला मात्र देव मानतो, हे एक आश्चर्यच. देव मानला की प्रश्न विचारता येत नाही, आणि देव पावला नाही की दुसरा देव शोधावा लागतो. भगवंताच्या संघात रुग्णसेवेकडे कसे पाहिले जाई ते विनयपिटकात आहे. अतिसाराने पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतः धुऊन स्वच्छ केले, हा प्रसंग आपण पोथीसारखा सांगतो. पण त्याच ठिकाणी पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत ते सांगत नाही. त्याला औषध तयार करता आले पाहिजे, पथ्य व अपथ्य कळले पाहिजे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे, मलमूत्र उचलण्याची घृणा असू नये, आणि रुग्णाला धीर देता आला पाहिजे. रुग्णाचेही पाच गुण तेथे आहेत, आणि त्यांतील एक असा की त्याने आपला आजार आहे तसा सांगावा. दवाखान्याचे मानक याहून वेगळे काय असते? आणि आपण काय करतो? भारतातून आणलेले चूर्ण आणि भस्म आपण हाउसआर्ट्सपासून लपवितो, मद्य लपवितो, रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद केल्याचे लपवितो, आणि मग इथल्या औषधाने गुण येत नाही म्हणतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो मधुमेहाचा. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाला मधुमेह लवकर होतो आणि अंगाने सडपातळ असतानाही होतो. आम्स्टरडॅममध्ये 2011 साली सुरू झालेल्या 'हेलियस' या संशोधनात निरनिराळ्या वंशांच्या सुमारे 25,000 नागरिकांची तपासणी झाली आणि सुरीनामहून आलेल्या हिंदुस्थानी वंशाच्या लोकांत हीच गोष्ट ठळकपणे दिसली. हे लोक 1873 पासून भोजपुरी मुलखातून सुरीनामला नेलेल्या करारबद्ध मजुरांचे वंशज. आपला व त्यांचा इतिहास निराळा, पण स्वादुपिंड तेच. एन.एच.जी.च्या मानकात धोक्यातील लोकांची रक्तशर्करा दर तीन वर्षांनी तपासण्याचे वय सर्वसाधारणपणे 45 धरलेले असताना हिंदुस्थानी वंशासाठी ते 35 केलेले आहे. ही ओळ आपल्यासाठी लिहिलेली आहे, आणि आपण तिचा लाभ घेत नाही! स्लोटरडाइकच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या तरुणांपैकी पस्तिशी ओलांडलेल्या किती जणांनी ही तपासणी मागितली? दवाखान्याच्या संगणकात आपल्या नावापुढे वंशाची नोंद असेलच असे नाही, आणि 'सुरीनामी' असे वाचण्याची सवय झालेल्या डॉक्टरला नागपूरचा माणूस त्या ओळीत बसतो हे आपण सांगितल्याखेरीज सुचेलच असेही नाही. हाउसआर्ट्सची भेट विम्याच्या स्ववाट्यातून कापली जात नाही, परंतु रक्ततपासणीचा खर्च कापला जातो. 2016 साली 385 युरोवर ठरलेल्या त्या स्ववाट्याच्या भीतीने चाचणी टाळणारे आम्ही पाहिले आहेत. बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने कसे पोखरले हे ज्या समाजाला तोंडपाठ आहे त्याने काही युरो वाचविण्यासाठी रक्ताचा थेंब नाकारावा, याला काय म्हणावे?

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की डॉक्टरसाहेब डचांचे भाट झाले. तसे मुळीच नाही. लिहिलेले मानक पाळले जातेच असे नाही, आणि या देशाने नुकतीच त्याची कटू प्रचीती घेतली आहे. निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांचे दवाखाने विकत घेत 'को-मेड' नावाची व्यापारी कंपनी अनेक शहरांत पसरली. रुग्ण दूरध्वनी करीत राहत, कोणी उचलीत नसे. दवाखान्यात जावे तर डॉक्टर नसे. तक्रारी साचत गेल्या, आरोग्य निरीक्षण विभागाने बडगा उगारला, 2024 च्या जूनमध्ये विमा कंपन्यांनी करार तोडले आणि जुलैमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सुमारे 50,000 रुग्ण डॉक्टरविना उरले. यातून दोन गोष्टी दिसतात. मोठी, चकचकीत संस्था म्हणजे सुरक्षित संस्था नव्हे. आणि निरीक्षक जागे झाले त्यात रुग्णांनी पुनःपुन्हा केलेल्या तक्रारींचा मोठा वाटा होता. त्या तक्रारदारांत आपल्यासारखी स्थलांतरित माणसे किती असतील, याबद्दल आम्हाला शंका आहे.

कारण 'आपण परके, कशाला वाकड्यात शिरा' हा मंत्र आपण विमानतळावरच गळ्यात बांधून घेतलेला असतो. स्लोटरडाइकच्या परिसरातील एका दवाखान्यात आमच्या परिचयाच्या एका ज्येष्ठ भगिनीचा रक्ताचा अहवाल कित्येक आठवडे कोणी पाहिलाच नाही. दोष उघड होता. मुलाला आम्ही म्हटले, विचार त्यांना. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहायचे आहे." हे वाक्य आम्ही गावाकडे पाटलाच्या संदर्भात ऐकले होते! येथे पाटील नाही, कायदा आहे. 1 एप्रिल 1995 पासून रुग्णाला आपल्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा, समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा आणि संमतीविना उपचार नाकारण्याचा हक्क आहे. 2016 पासून प्रत्येक दवाखान्याला विनामूल्य तक्रार-अधिकारी उपलब्ध करून द्यावा लागतो, तक्रारीचे उत्तर सहा आठवड्यांत, फार तर आणखी चार आठवडे घेऊन, द्यावे लागते, आणि समाधान न झाल्यास तंटा-मंडळ 25,000 युरोपर्यंत भरपाई देऊ शकते. उपचारात चूक घडली तर ती रुग्णाला सांगणे हेही दवाखान्याचे कर्तव्य आहे. डॉक्टरविरुद्ध तक्रार केली म्हणून डॉक्टर हाकलून देत नाही, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच संभाषणात गोष्ट मिटते, कारण समोरच्यालाही ती मिटावी असेच वाटत असते.

भाषेचे एक सांगावयाचे राहिले. 2012 साली सरकारने दवाखान्यातील दुभाष्यांचा खर्च देणे बंद केले आणि त्याचा भार लेकरांवर पडला. आईचा पाळीतील रक्तस्राव दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरला डचमध्ये सांगावयाचा, हा प्रकार आपल्या घरांतही घडतो. हे त्या मुलीवर अन्याय करणारे आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचेही आहे, कारण मुलगी लाजेने अर्धे गाळते आणि उरलेले चुकीचे सांगते. प्रौढ दुभाषी मागावा. न मिळाल्यास आपल्या मंडळातील एखाद्या भगिनीने सोबत जावे. मंडळाला भीमजयंतीची भोजनव्यवस्था करता येते, तर इतके नक्कीच करता येईल.

आणि महाराष्ट्र? तेथे खाटा असलेल्या रुग्णालयांना 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे, 2021 साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. परंतु ज्या खाट नसलेल्या एका खोलीच्या दवाखान्यात आपली वस्ती जाते, तो या कायद्याच्या बाहेर राहतो. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. डॉक्टर मंडळी 'इन्स्पेक्टर राज' येईल म्हणून ओरडतात, आणि त्यांत आता आपल्या समाजाचे डॉक्टरही आहेत याची आम्हाला लाज वाटते. लहान डॉक्टरला मोठ्या रुग्णालयाचे निकष लावून बुडवू नये, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण सुई एकदाच वापरा, या निकषाला कोणते भांडवल लागते? उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे 2018 साली डझनावारी गरिबांना एच.आय.व्ही.ची लागण आढळली, आणि संशयाचे बोट एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या भोंदू डॉक्टरकडे गेले. न्यायालयात जावे म्हणता? मे 1953 मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला वीस वर्षांचा तरुण पुण्यास आणला गेला, भूल न देता हाड ओढून बसविण्यात आले आणि तो त्याच रात्री दगावला. वडील डॉ. त्र्यंबक गोडबोले स्वतः वैद्यक जाणणारे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 1968 साली, भरपाई 3,000 रुपये. सुशिक्षित, डॉक्टर असलेल्या बापाला पंधरा वर्षे लागली. आमच्या वस्तीतील बापाने किती वर्षे धरावीत?

म्हणूनच आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरांविषयी येथे लिहिणे भाग आहे. दरवर्षी 14 एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण गावाकडे पैसे पाठवितो. मंडप पडतो, बॅनर लागतो, रक्तदाब मोजला जातो, टॉनिकच्या बाटल्या वाटल्या जातात, छायाचित्रे स्मरणिकेत छापली जातात. दाब वाढलेला निघालेल्या बाईचे पुढे काय झाले, हे आम्ही तीन शिबिरांच्या संयोजकांना विचारले. कोणालाही सांगता आले नाही. आपण येथे ज्या निकषांवर हाउसआर्ट्सला धारेवर धरतो ते आपल्याच पैशाने भरलेल्या मंडपात लागू नसावेत काय? तेव्हा कार्यकारिणीपुढे आमची मागणी अशी की यापुढे शिबिराला पैसे देताना तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक आधी मागवावा. प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत लिहिलेला, दाब व साखरेचे आकडे असलेला कागद पडावा. वापरलेल्या सुया कोठे जाणार ते लेखी कळवावे. दोष आढळलेल्यांची नावे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्यांच्या संमतीने सोपवावीत. आणि तीन महिन्यांनी मंडळाच्या एका सभासदाने दूरध्वनी करून त्यांतील किती जण औषध घेत आहेत हे विचारावे. ज्या संयोजकांना हे जमणार नाही त्यांना यंदाची रक्कम देऊ नये, टॉनिकच्या बाटल्यांसाठी तर मुळीच देऊ नये. आमची वर्गणी पुढील वर्षाच्या खात्यात ठेवावी.